सर्टिफिकेट आहे ना, मॅडम!

साखरपुड्याच्या अंगठीसाठी खाणीतला नैसर्गिक हिरा की लॅबमध्ये वाढवलेला (लॅब ग्रोन), हा वाद आमच्याकडे एका जेवणातच मिटला. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, केदारच्या आईंचं म्हणणं, हिरा सगळ्यांना लाभत नाही, त्यापेक्षा सोन्याचं घसघशीत काहीतरी करा. त्यावर त्याचे बाबा म्हणाले, "अगं, मोदींनी 2023 मध्ये बायडेनबाईंना दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा लॅबमधलाच होता, आपल्या सुरतेचा." त्यांना तो लाभला का, हे कुणी विचारलं नाही आणि विषय संपला. पैशांचं गणित तर उघडच होतं. त्याच आकाराचा, त्याच दर्जाचा खाणीतला हिरा पाहिला तर आमच्या खड्याची किंमत त्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी भरत होती.

अंगठीचा घाट, सोनं, बजेट हे सगळं पटापट ठरलं. 18 कॅरेट पिवळं सोनं, खडा धरून ठेवणारे सोन्याचे सहा दात म्हणजे प्रॉन्ग, मध्ये एकच गोल खडा. खडाही लवकर मिळाला: 1.03 कॅरेट, एफ कलर (सगळ्यात रंगहीन तो डी, मग ई, एफ), व्हीएस1 क्लॅरिटी म्हणजे आतले डाग अगदी बारीक, आणि आयजीआय या हिरे तपासणाऱ्या लॅबचा रिपोर्ट. रिपोर्टमध्ये लोक रंग आणि क्लॅरिटी बघून थांबतात. तुम्ही खालची शेरा-टिप्पणीही वाचा. खडा सीव्हीडी पद्धतीने वाढवलाय की एचपीएचटी, हे तिथे असतं. सीव्हीडीमध्ये हिऱ्याच्या पातळ चकतीवर मिथेन आणि हायड्रोजन वायूंच्या प्लाझ्मातून कार्बनचे थर चढवतात, एचपीएचटीमध्ये प्रचंड दाब आणि उष्णता वापरतात. पहिल्यात कधी तपकिरी किंवा करडी झाक राहते, दुसऱ्यात कधी निळसर. ही झाक दुकानाच्या स्पॉटलाइटखाली कळत नाही. त्या दिव्यांखाली काचेचा तुकडासुद्धा लखलखतो. आम्ही खडा पांढऱ्या कागदावर ठेवून दुकानाच्या दारापाशी, उन्हाच्या आडोशाला नेऊन पाहिला. वॉचमन काकांना ते अजिबात आवडलं नाही, पण शेजारी ठेवलेले दोन खडे तिथे सरळ सरळ मळकट दिसले.

आता मुख्य गोष्ट.

रिपोर्ट हा खड्याचा असतो, अंगठीचा नसतो. आणि कागद व खडा यांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे हिऱ्याच्या कमरेवर, गर्डलवर, लेझरने कोरलेला नंबर. आयजीआयच्या लॅब ग्रोन खड्यावर लॅबग्रोन हा शब्द आणि एलजीने सुरू होणारा रिपोर्ट नंबर असतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दहापट मोठं दाखवणाऱ्या आयग्लासमधून सरावलेल्या माणसाला दिसतो, आपल्यासारख्यांना मायक्रोस्कोप लागतो. खडा सुटा असताना, कागदाच्या पुडीतून काढून ट्रेमध्ये ठेवला होता तेव्हाच मी म्हटलं, "दादा, नंबर दाखवा." उत्तर आलं, "मायक्रोस्कोप वरच्या ऑफिसमध्ये आहे मॅडम, आत्ता कुलूप आहे. अंगठी तयार झाली की दाखवतो ना." ॲडव्हान्सच्या पावतीवर मी रिपोर्ट नंबर लिहून घेतला आणि आम्ही निघालो.

अंगठी तयार झाल्याचा फोन आला तेव्हा साखरपुडा तोंडावर होता. मखमली डबी, त्यात अंगठी, बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात रिपोर्ट. सेल्समन दादा पेढ्यांचा बॉक्स काढायला वाकले आणि मी पुन्हा तेच म्हटलं, नंबर दाखवा.

"सर्टिफिकेट आहे ना, मॅडम!"

हे वाक्य त्या दिवशी मी इतक्या वेळा ऐकलं की केदार ते अजूनही घरात भाजी जळली तरी म्हणतो. आधी त्यांनी रिपोर्टवरचा क्यूआर कोड माझ्याच फोनवर स्कॅन करायला लावला. आयजीआयच्या साइटवर रिपोर्ट निघाला, सगळे आकडे जुळले. जुळणारच! कागद कागदाशी जुळला. त्या अंगठीत तोच खडा बसलाय हे त्यातून कसं कळणार? मग पेनासारखा टेस्टर आला. खड्याला टेकवला, बीप वाजला. "बघा, हिराच आहे." तो टेस्टर उष्णता किती पटकन वाहते तेवढंच पाहतो. खाणीतला हिरा असो, लॅबमधला असो, दोन्ही हिरेच, दोन्हींवर वाजतो. साध्या टेस्टरवर मॉयसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा, तोसुद्धा पास होतो. मग व्यास मोजायचा गेज आला. रिपोर्टवर खड्याचा व्यास 6.48 ते 6.51 मिलिमीटर होता, गेजवर 6.5 भरला. ही तपासणी निरुपयोगी नाही, लहान खडा गळ्यात मारला असता तर इथे पकडला गेला असता. पण एक कॅरेटचे झाडून सगळे चांगले गोल खडे साडेसहा मिलिमीटरच्याच आसपास असतात.

शेवटी एकदाचा मायक्रोस्कोप खाली आला. दादांनी अंगठी चिमट्यात धरून फिरवली, मग मी फिरवली. पहिल्यांदा नुसता करडा धुरकट पट्टा दिसतो, तो गर्डल. हळूहळू फिरवत गेलं की एका ठिकाणी बारीक अक्षरं उमटतात. लॅबग्रोन दिसलं, आयजीआय दिसलं, एलजी दिसलं, पुढे दोन आकडे, आणि मग सोन्याचा जाडजूड प्रॉन्ग. उरलेला सगळा नंबर त्याच्याखाली.

"आलं ना सुरुवातीचं? पुढचं तेच असणार."

इथे माझा आवाज चढला. सुरुवातीचे एक-दोन आकडे त्या सुमाराच्या असंख्य खड्यांवर सारखे असतात, ओळख पटते ती शेवटच्या आकड्यांवरून. मॅनेजर आले. त्यांचं म्हणणं, बसवल्यावर नंबर झाकला जाणारच, सगळ्यांचा जातो. हे धादांत खोटं आहे. बसवताना कारागिराने खडा थोडा फिरवून घेतला की नंबर दोन प्रॉन्गच्या मधल्या मोकळ्या जागेत येतो, आणि ऑर्डर देताना तसं सांगता येतं. ऑर्डर फॉर्मवर "नंबर प्रॉन्गखाली नको" एवढं लिहून घ्या, माझा सगळा लेख वाचला नाहीत तरी चालेल. बेझल घाट, म्हणजे खड्याच्या भोवती सोन्याची पूर्ण कड, निवडणार असाल तर नंबर पूर्णच झाकला जातो, तेव्हा सुटा खडा समोर मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय आणि फोटो काढल्याशिवाय पुढे जाऊच नका.

मग नवी कारणं. प्रॉन्ग उघडला तर वॉरंटी जाईल. कारागीर मुंबईला असतो. कुरियरला वेळ लागेल, तुमचा साखरपुडा आहे ना? ही शेवटची मखलाशी मला सगळ्यात जास्त लागली. केदार कानात म्हणाला, "जाऊ दे ना आता." शेजारच्या काउंटरवर मंगळसूत्र बघणाऱ्या काकू हातातलं सोडून आमच्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, ठीक आहे, अंगठी राहू दे, ॲडव्हान्स परत करा. साखरपुड्याला आईची अंगठी घालेन.

आणि मुंबईचा कारागीर जिना उतरून खाली आला. तो दुकानाच्या पोटमाळ्यावरच बसत होता! शांत, हसऱ्या चेहऱ्याचा बंगाली दादा. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली, अंगठी वर नेली. आमचा चहा संपायच्या आत परत आणली. या वेळी नंबर दोन प्रॉन्गच्या बरोबर मध्ये होता, एकूण एक आकडा वाचता येत होता, आणि रिपोर्टशी जुळत होता. म्हणजे खडा पहिल्यापासून बरोबर होता. मॅनेजर विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा मॅडम, उगाच शंका." माझ्या मते ते पोटमाळ्याचं प्रकरण झाल्यावर हे वाक्य बोलायला खास निगरगट्टपणा लागतो. मी मायक्रोस्कोपच्या भिंगाला फोन लावून फोटो काढला, तोही धूसर आला म्हणून पुन्हा काढला.

एवढ्यावर थांबेन असं त्यांना वाटलं होतं. बिलात खड्याच्या ओळीत नुसतं "डायमंड 1.03 कॅरेट" छापलं होतं. लॅब ग्रोन नाही, रिपोर्ट नंबर नाही. "सॉफ्टवेअर घेत नाही." तर हाताने लिहा, सही-शिक्का मारा. ते झालं. बिल कायद्याने नीट असणं तर आहेच, पण उद्या एक्सचेंजला गेलात तर तुमच्या हातात तेवढाच पुरावा असतो. एक्सचेंजच्या अटी दुकानागणिक वेगळ्या. आमच्या दुकानाचं बायबॅक फक्त नैसर्गिक हिऱ्याला होतं, लॅब ग्रोनला एक्सचेंज, तेही काही टक्के कापून. हे तोंडी सांगितलं होतं त्यापेक्षा छापील कागदावर कमी निघालं, म्हणून तो कागद पैसे देण्याआधी मागा. हा खडा पुढे चढ्या भावाने विकला जाईल ही आशाच सोडा, भाव घसरतच आलेत. डी बिअर्ससारख्या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने 2018 मध्ये लॅब ग्रोनसाठी लाइटबॉक्स हा ब्रँड काढला आणि 2025 मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. जीआयए या हिरे तपासणाऱ्या दुसऱ्या लॅबनेही ऑक्टोबर 2025 पासून लॅब ग्रोनला डी-ई-एफ असे बारीक दर्जे देणं सोडून प्रीमियम आणि स्टँडर्ड असे दोनच वर्ग ठेवले. त्यामुळे डी कलरसाठी जीव टाकू नका. पिवळ्या सोन्यात एफ काय आणि जी काय, साखरपुड्यातल्या एकाही आत्याला कळलं नाही.

बिलातच आणखी एक बघा. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. अंगठीच्या एकूण वजनातून खड्याचं वजन वजा करून उरेल तेवढ्याच सोन्याचा भाव लागायला हवा. आमचं 0.206 ग्रॅम बरोबर वजा होतं, इथे त्यांना पूर्ण मार्क. घडणावळ मात्र टक्क्यांत होती, ती घासाघीस केल्यावर उतरली. या सगळ्यावर तीन टक्के जीएसटी. अंगठीच्या आतल्या बाजूला हॉलमार्क असतो: बीआयएसचं चिन्ह, 18 कॅरेटसाठी 750 आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-आकड्यांचा नंबर. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की घरबसल्या तपासता येतो. एकाही माणसाशी न बोलता पार पडलेली ही एकमेव पायरी.

मापाचं राहिलंच. बोटाचं माप संध्याकाळी द्या, सकाळी गार हवेत दिलेलं माप दुपारच्या उन्हात आवळतं. बोटाभोवती सगळीकडून खडे जडवलेली बँड घेणार असाल तर ती नंतर मोठी-लहान करता येत नाही म्हणून समजा, अर्धी जडवलेली करता येते.

घातल्यानंतर अधूनमधून अंगठी कानाशी नेऊन नखाने टिचकी मारा. खडा किणकिणला तर प्रॉन्ग सैल झालाय. ते घट्ट करून घ्यायला विकत घेतलेल्या दुकानातच गेलं पाहिजे असं नाही. आमच्या कोपऱ्यावरचे सोनारकाका ते माझ्यासमोर करून देतात, आणि त्यांच्याकडचा आयग्लास टेबलावरच पडलेला असतो, कुलूप न लावता.