टीव्हीखालची पेटी

१९९९ साली मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून बाहेर पडले, तेव्हा बाबांनी त्यांच्या दुकानातला अर्धा काउंटर मला मोकळा करून दिला. दुकान बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापासून दोन मिनिटांवर, तापकीर गल्लीच्या गर्दीला लागून. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला तसे बाबा रेडिओवरून टीव्हीकडे वळले होते. त्यांच्या टेबलावर कायम एखादा टीव्ही पाठ उघडी टाकून बसलेला असायचा, माझ्या अर्ध्यात असेम्बल्ड कॉम्प्युटर. दादा तेव्हा नोकरी करत होता, तो पुढे आला.

लोक कॉम्प्युटर घ्यायचे ते मुलांच्या अभ्यासाच्या नावानं, आणि घरी नेल्यावर पहिली लागायची ती व्हीसीडी. तिचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका तबकडीत ७४ मिनिटं, म्हणजे एका सिनेमाला दोन किंवा तीन तबकड्या. मॉनिटर पंधरा इंची आणि समोर खुर्ची एकच. नारायण पेठेतल्या एका घरी मी मशीन लावायला गेले होते. नातू खुर्चीत, आई-वडील मागे उभे, आणि आजी दारातूनच म्हणाल्या, "अगं, हे त्या मोठ्या टीव्हीवर नाही का दिसणार?" दुसऱ्या दिवशी टीव्ही-आउट असलेलं ग्राफिक्स कार्ड आणि पाच मीटर वायर घेऊन मी परत गेले. आमचा आजचा धंदा त्या वायरीपासून सुरू झाला असं मी मानते.

पुढची सात-आठ वर्षं आम्ही टीव्हीखाली ठेवायची पेटीच बनवत होतो. आडवं कॅबिनेट, आत टीव्ही ट्यूनर कार्ड, मोठी हार्ड डिस्क. केबलची वायर थेट कार्डात घातली की मालिका रेकॉर्ड व्हायच्या. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली. तिच्या होम प्रीमियम आवृत्तीत मीडिया सेंटर होतं, म्हणजे लांबून दिसतील अशी मोठी अक्षरं आणि सगळं रिमोटवर. काम सोपं झालं. तरी अडचण निराळीच असायची. एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा ऑफिसात ऐकूही येत नाही, पण रात्री साडेनऊला बैठकीच्या खोलीत तो घरघरतो आणि घरातल्या बाई कंटाळून पेटी बंद करतात. मोठा पण सावकाश फिरणारा पंखा, खाली रबराचे पाय, उष्णता ओढून घेणारा जाड हीटसिंक, यावर दादानं आणि मी किती रविवार घालवले असतील! दादा याच काळात नोकरी सोडून आला. मशीन जोडून झालं की तो दुकानाचं शटर खाली ओढायचा, दिवे घालवायचा आणि डोळे मिटून पंधरा मिनिटं नुसतं ऐकत बसायचा.

सदाशिव पेठेतून एकदा तीन आठवड्यांत चार वेळा फोन आला, रिमोट चालत नाही म्हणून. दुकानातल्या मुलानं जाऊन सेल बदलले, मग रिमोट बदलला, मग रिसीव्हर. चौथ्यांदा मी स्वतः गेले. रिमोटचा इन्फ्रारेड किरण पकडणारा काळा डोळा पेटीच्या पुढच्या बाजूला होता, आणि काकूंनी पेटीवर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल घातला होता. आमचा मुलगा गेला की त्या आदरानं रुमाल काढून ठेवायच्या, तो निघाला की परत घालायच्या. चूक त्यांची मुळीच नव्हती. घरातली वस्तू त्या घराच्या रीतीनंच वापरली जाणार. त्या दिवसापासून डोळा वेगळ्या वायरीवर बाहेर काढून टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटवायचा, असं ठरवलं आणि आजही तसंच करतो.

२ एप्रिल २०११ ला विश्वचषकाची अंतिम लढत झाली, त्या रात्री आमच्या किती पेट्या रेकॉर्डिंग करत होत्या कोण जाणे. कोथरूडच्या एका गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या सगळ्यांना डीव्हीडी काढून दिल्या. त्यानंतर दोनच वर्षांत हे सगळं संपलं. ३१ मार्च २०१३ ही पुण्यासह अडतीस शहरांत केबल डिजिटल करण्याची मुदत होती. ट्यूनर कार्डाला फक्त जुना अ‍ॅनालॉग सिग्नल कळायचा. नवा सिग्नल कुलूपबंद आला आणि ते कुलूप फक्त केबलवाल्याच्या सेट टॉप बॉक्समध्ये उघडायचं. चांगली चालती कार्डं एका महिन्यात निकामी झाली. आमच्याकडे बावीस कार्डं पडून होती. त्याहून वाईट वाटलं ते गिऱ्हाइकांना तोंड देताना, कारण यात बिघडलेलं असं काहीच नव्हतं आणि दुरुस्त करण्यासारखंही काही नव्हतं. दोन वर्षांनी विंडोज १० आली, त्यात मीडिया सेंटर ठेवलंच नाही. फुकट अपग्रेड मिळतंय म्हणून ज्यांनी बटण दाबलं त्यांचे फोन ऑगस्टभर येत होते.

तेव्हा आम्ही कोडीकडे वळलो. डिस्कवरचे सिनेमे आणि गाणी टीव्हीवर लावून देणारा हा मुक्त प्रोग्रॅम आधी एक्सबीएमसी नावानं ओळखला जायचा, २०१४ मध्ये त्याचं नाव बदललं. तो रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर चालायचा. पत्त्यांच्या जोडाएवढा बोर्ड, पंखाच नाही, त्यामुळे आवाजाचा प्रश्न मिटला. मात्र या बोर्डाची सगळी यंत्रणा मेमरी कार्डावर असते आणि पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली की फाइल अर्धवट राहते आणि पेटी सुरूच होत नाही. शुक्रवारी सकाळी दुकानात असे तीन-चार बोर्ड हमखास. शेवटी यंत्रणा फक्त वाचता येईल अशी लॉक केली, सिनेमे आणि नोंदी वेगळ्या डिस्कवर ठेवल्या, राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस जोडला. मग शुक्रवार मोकळे झाले.

देवनागरीनं मात्र आम्हाला खूप सतावलं. फाइलला मराठी नाव दिलं तर पडद्यावर नुसते चौकोन यायचे. फॉन्ट बदलला तर अक्षरं आली, पण जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची. लोक म्हणाले इंग्रजी स्पेलिंगनं नावं टाका, चालतंय. मला ते चालत नव्हतं. ज्यांनी ते बघायचं त्यांनाच वाचता येणार नसेल तर पेटी कोणासाठी आहे? मग आम्ही निराळी वाट काढली. कोडी प्रत्येक फाइलसोबत एक पोस्टर दाखवतो. आम्ही नावं अक्षरात न ठेवता चित्रात ठेवली. प्रत्येक सिनेमाचं, नाटकाचं, भजनाच्या ध्वनिफितीचं नाव शुद्ध मराठीत लिहून त्याचं पोस्टर बनवायचं. माझी वहिनी हे काम दुपारी करायची. एका घराच्या साडेतीनशे पोस्टरांना तिला पाच आठवडे लागले. पैसे त्या मानानं काहीच मिळाले नाहीत, पण त्या घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांनी पहिल्याच संध्याकाळी कोणालाही न विचारता हवं ते लावलं.

याच काळात बाजारात "भरलेल्या" पेट्या आल्या, चोरीचे चॅनेल आणि नवे सिनेमे आधीच घातलेल्या. आमच्याकडे रोज विचारणा व्हायची. आम्ही स्वच्छ नाही म्हणत राहिलो आणि बरीच गिऱ्हाइकं गेली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. स्वतःच्या डीव्हीडी, स्वतःच्या कॅसेट, रीतसर घेतलेली सेवा, एवढंच आम्ही लावून देतो.

२०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरात जिओ, आणि टीव्हीच कॉम्प्युटर झाला. आमची गरज संपली असं दादालाही वाटलं होतं. पण लोक वेगळ्याच तक्रारी घेऊन येऊ लागले. ५५ इंची फोर-के टीव्ही, पण स्वस्तातल्या अँड्रॉइड बॉक्सवर चित्र धुरकट. त्याचं कारण इंटरनेट नसतं. कंपन्या आपले कार्यक्रम कुलूप लावून पाठवतात. त्याला वाइडवाइन म्हणतात आणि त्याच्या पायऱ्या असतात. ज्या बॉक्सला एल-१ ही सगळ्यात वरची पायरी नाही, नुसतं एल-३ आहे, त्याला बहुतेक सेवा मुद्दाम कमी दर्जाचं चित्र देतात. बॉक्स घेण्याआधी दुकानदाराला हे एवढं एक विचारा, माझं कळकळीचं सांगणं आहे.

दुसरी तक्रार वाय-फायची. पेठेतल्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या, आणि वाडा पाडून इमारत झाली तर मध्ये काँक्रीट. राउटर बाहेरच्या खोलीत, टीव्ही आतल्या, आणि पाच गिगाहर्ट्‌झचा सिग्नल पहिल्याच भिंतीत जिरतो. ज्यांची घरं पुनर्विकासात गेली आहेत त्यांना आम्ही प्लॅस्टरच्या आधीच गाठतो. झिरी मारायची आहेच, तर लाइटच्या पाइपापासून वेगळा एक इंची पाइप प्रत्येक टीव्हीपर्यंत टाकून घ्या, आत इंटरनेटची कॅट-६ वायर ओढा. उद्या वायर बदलायची झाली तर भिंत फोडावी लागत नाही. आज आमचं निम्मं उत्पन्न या पाइपांतून येतं.

उरलेलं निम्मं येतं कॅसेटमधून. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या व्हीएचएस कॅसेट. पुण्याचा पावसाळा या फितींना बाधतो. झाकण उघडून उजेडात धरलं की गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते, भाकरीवर पीठ सांडावं तशी. ती तशीच मशीनमध्ये घातली तर बुरशी फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या दहा कॅसेट खराब होतात. म्हणून फीत आधी कोरडी करायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ कापडातून हातानं, हळूहळू सरकवायची. तीन तासांची फीत कॉम्प्युटरवर उतरवायला तीन तासच लागतात, त्यात घाई नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. आता मशीन मिळतात ती जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी. त्यांचे पट्टे वितळून डांबरासारखे झालेले असतात. ती जिवंत करतात बाबा. वय ७८, डोळ्याला भिंग, हातात तीच सोल्डरिंगची कांडी.

एक गोष्ट सांगायलाच हवी. सहकारनगरच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या एका कुटुंबाच्या १४ कॅसेट आम्ही २०१८ मध्ये उतरवून दिल्या होत्या. घरात छोटा सर्व्हर बसवला, त्यात दोन डिस्क. एकीवर असेल ते दुसरीवर आपोआप उतरणारं. "एक गेली तरी दुसरी आहे," असं मी त्यांना सांगितलं होतं, आणि आमच्याकडची प्रत सहा महिन्यांनी पुसून टाकली होती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. तळमजल्यावर छातीएवढं पाणी. माणसं वाचली, तीच मोठी गोष्ट. पण दोन्ही डिस्क एकाच पेटीत, एकाच पाण्यात होत्या. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत गेला. डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेनंही हात टेकले.

कॅसेट वाचल्या, कारण त्या माळ्यावर होत्या. दिवाळीनंतर त्या घरचे काका त्या गोणीत घालून घेऊन आले. मी माफी मागितली आणि पैसे न घेता पुन्हा उतरवायला घेतल्या. चूक माझीच होती. दोन डिस्क एका पेटीत म्हणजे दोन प्रती नव्हेत, हे मला माहीत असायला हवं होतं. या वेळी काका रोज सकाळी येऊन मशीनशेजारी बसायचे. तिसऱ्या दिवशी पडद्यावर १९८८ सालची पंगत चालली होती, वाढप्यांमध्ये त्यांचे धाकटे भाऊ जिलबीचं ताट घेऊन फिरत होते. काका म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही दिलं ना, ते मी कधी लावलंच नव्हतं. कुठे जाऊन लावायचं तेच सापडायचं नाही."

त्यावर मी आणि दादा बरेच दिवस बोलत होतो. आता आमची कुठलीही पेटी सुरू केली की पहिली ओळ येते ती "घरचं", सिनेमे आणि बाकी सगळं त्याखाली. एक प्रत पेटीत, एक वेगळ्या डिस्कवर कपाटात, आणि तिसरी दुसऱ्या पेठेतल्या किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. सहकारनगरच्या काकांची तिसरी प्रत चिंचवडला बहिणीकडे असते. दर दिवाळीला भाऊबीजेच्या दिवशी दोघं डिस्क बदलून घेतात. मागच्या वर्षी ताई आपल्याही नऊ कॅसेट सोबत घेऊन आल्या. त्यातल्या चार अजून बाबांच्या टेबलावर सुकताहेत.