पाच चर्चसाठी एक पाळक: नेमणुकीचा माझा अनुभव

इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरच्या पाच खेड्यांच्या आमच्या गटाच्या रेक्टरसाहेबांनी, म्हणजे मुख्य पाळकांनी, निवृत्तीची तारीख जाहीर केली, तेव्हा त्यांपैकी एका चर्चची मी चर्चवॉर्डन, म्हणजे मंडळीने निवडलेली कारभारी, होते. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पाळकाला साधारणपणे सत्तराव्या वर्षी पद सोडावे लागते, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. मात्र त्यांच्या नेमणुकीला बराच काळ लोटला होता आणि त्या वेळची जाणती माणसे आता मंडळीत उरली नव्हती, त्यामुळे पुढे नेमके काय करायचे हे आमच्यापैकी कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

मी मूळची अहमदनगरची. आमच्याकडे बिशप बदलीचा हुकूम काढतात, नवे पाळकसाहेब सामानसुमानासह येतात, मंडळी हार घालून स्वागत करते आणि जी काही कुरकुर करायची ती नंतर करते. १९७० साली नागपुरात स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे अँग्लिकन परिवारातलेच असल्यामुळे इथल्या चर्चच्या मतदारयादीत माझे नाव सहज लागले होते. पण नेमणुकीची इथली रीत मला पूर्णपणे नवी होती.

इथे पाळक सुचवण्याचा हक्क ‘पेट्रन’कडे असतो. हा पेट्रन कुठे बिशप असतो, कुठे राजसत्ता, कुठे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे एखादे कॉलेज, तर कुठे गावच्या जुन्या जमीनदाराचे घराणे. एके काळी हा हक्क मालमत्तेसारखा विकला जात असे. १९८६च्या कायद्याने त्याच्या विक्रीवर बंदी आली. आमची पाच चर्च वेगवेगळ्या काळात एकत्र जोडली गेल्यामुळे पेट्रनही एक नव्हता: बिशप, एक कॉलेज आणि एक घराणे यांना मिळून निर्णय घ्यायचा होता. सुरुवातीला मला हा सगळा सरंजामी अवशेषच वाटला, आणि तसे मी बैठकीत बोलूनही दाखवले. त्याच कायद्याने गावकऱ्यांच्या हाती काय दिले आहे, हे पुढे कागद वाचताना कळले. पाचही गावांच्या चर्च कौन्सिलांनी आपापल्यातून निवडलेल्या प्रतिनिधींची संमती मिळाल्याशिवाय पेट्रनला कोणालाही पद देऊ करता येत नाही.

प्रतिनिधी निवडण्याची ती संयुक्त बैठक आमच्या गावच्या सभागृहात झाली. जाणाऱ्या पाळकाने किंवा त्यांच्या जोडीदाराने या बैठकीला बसायचे नाही, असा नियम आहे आणि तो अतिशय शहाणपणाचा आहे. रेक्टरसाहेबांच्या उपस्थितीत ज्या गोष्टी कोणी कधी उच्चारल्या नसत्या, त्या त्या संध्याकाळी मोकळेपणाने बोलल्या गेल्या. स्त्री पाळक नको असेल तर तसा ठराव करण्याची मुभा कौन्सिलांना आहे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा १९९४पासून मिळते, तरी एका वयोवृद्ध सदस्यांनी हा विषय काढलाच. ठराव मात्र कोणीही मांडला नाही.

खरे काम निघाले ते ‘पॅरिश प्रोफाइल’चे, म्हणजे आपली गावे कशी आहेत, गरजा काय आहेत आणि परंपरा कोणती आहे, हे इच्छुकांना सांगणाऱ्या पुस्तिकेचे. पहिल्या मसुद्यात सफरचंदांच्या बागांची छायाचित्रे होती, नॉर्मन काळातल्या कमानी होत्या, आणि ‘तरुण कुटुंबांना आकर्षित करणारा, उत्साही, प्रेमळ’ पाळक हवा असल्याचे वाक्य होते. दोन चर्चमध्ये रविवारी दहा माणसेही जमत नाहीत, एका छपराच्या दुरुस्तीला पैसा नाही, डायोसीजला (बिशपांच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांताला) द्यायचा वार्षिक वाटा थकला आहे आणि तरीही प्रत्येक गावाला आपापल्या चर्चमध्ये दर रविवारी उपासना हवी आहे, यांपैकी एक अक्षरही त्यात नव्हते. हे लिहावे असा आग्रह मी आणि मेंढपाळीचा व्यवसाय असलेल्या दुसऱ्या एका वॉर्डननी धरला. बहुमत आमच्या विरुद्ध गेले. ‘चर्च टाइम्स’ या साप्ताहिकात जाहिरात आली, मुदत संपली आणि एकही अर्ज आला नाही.

या मधल्या रिकाम्या काळात पदाच्या व्यवहाराची जबाबदारी चर्चवॉर्डन आणि रूरल डीन (आसपासच्या चर्चवर देखरेख करणारे पाळक) यांच्यावर असते. आसपासच्या निवृत्त पाळकांना विनवण्या करून प्रभुभोजनाचे रविवार लावायचे, अंत्यविधींसाठी कोणी ना कोणी मिळवायचे, उरलेल्या रविवारी सकाळची प्रार्थना आपणच चालवायची. ही ओढाताण प्रत्येक वॉर्डनने स्वतः अनुभवली, तेव्हा पाच चर्च आणि एक माणूस हे गणित सगळ्यांना आपोआप पटू लागले. दरम्यान, नेमणूकच काही वर्षांसाठी स्थगित करून गटाची फेररचना करावी, अशी चर्चा डायोसीजमध्ये सुरू असल्याचे कानावर आले. बिशपांना तसा अधिकार आहे. हेरफर्डच्या डायोसीजमध्ये चारशेहून अधिक चर्च आहेत आणि त्यांतली बहुतेक आमच्यासारखीच विरळ वस्तीतली, त्यामुळे ही चर्चा पोकळ धमकी नव्हती.

दुसरा मसुदा त्या मेंढपाळ वॉर्डननी लिहिला. हजेरीचे आकडे, थकबाकी, छप्पर, सगळे पहिल्याच पानावर आले. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे पाचही कौन्सिलांकडून उपासनेचे नवे वेळापत्रक आधीच मंजूर करून घेतले: रविवारी पाळक दोनच ठिकाणी जाईल, बाकीच्या चर्चमध्ये प्रार्थना मंडळीतली माणसे चालवतील आणि महिन्यातून एकदा सगळे एकत्र येतील. सर्वांत लहान गावाने हे नाखुशीने मान्य केले. माझ्या मते त्या पुस्तिकेत वाचण्यासारखे एवढे एकच पान होते, आणि पुढे मुलाखतीला आलेल्या प्रत्येक उमेदवाराने प्रश्न विचारले ते त्याच पानाविषयी.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी उमेदवारांना पाचही चर्च, शाळा आणि पाळकाचे घर दाखवायचे आणि संध्याकाळी गावकऱ्यांबरोबर जेवण. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात आणि यात फारसा फरक नाही. फक्त इथे पाहायला आलेले कोण आणि दाखवायचे कोणाला, हे शेवटपर्यंत ठरत नाही. एका उमेदवाराने रात्रीच नम्रपणे माघार घेतली. दुसरे गृहस्थ बोलण्यात अतिशय प्रभावी होते आणि एका पेट्रनच्या प्रतिनिधीला ते फार आवडले होते. पण लहान चर्च बंद करण्याविषयी त्यांचे मत येण्याआधीच पक्के झालेले दिसले. आम्हा प्रतिनिधींपैकी दोघांनी स्पष्ट नकार दिला आणि चर्चा तिथेच थांबली. कागदावर वाचलेला तो अधिकार प्रत्यक्षात वापरताना खोलीत बरीच अवघडलेली शांतता पसरली होती, हे मान्य केले पाहिजे. तिसऱ्या उमेदवार बाईंनी विचारले, “मी सुट्टीवर असताना चर्च उघडते कोण, आणि आजाऱ्यांना भेटायला कोण जाते?” तोवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पेट्रन, बिशप आणि आम्ही सगळे त्यांच्या नावावर एकमत झालो.

यानंतरही बरेच महिने गेले. पूर्वीच्या बिशपांचे पत्र, पोलीस पडताळणी, आधीच्या पदावरची तीन महिन्यांची सूचना, मुलांच्या शाळेचे वर्ष, पाळकाच्या घराचा जुना बॉयलर, हे सगळे उरकायचे होते, आणि पडताळणी होईपर्यंत नाव उघड करता येत नाही. पाचही गावांत एकाच रविवारी एकाच वेळी ते जाहीर झाले. बिशपांनी त्यांच्याकडे मंडळीची आध्यात्मिक जबाबदारी सोपवली, आर्चडीकननी, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या वरिष्ठ पाळकांनी, त्यांचा हात चर्चच्या दारावर ठेवला आणि त्यांनी रीतीप्रमाणे घंटा वाजवली. घंटेचे जितके टोल, तितकी वर्षे पाळक टिकतो, असा इथे समज आहे, म्हणून लोक मोठ्याने मोजत होते.

पहिल्याच संयुक्त बैठकीत सर्वांत लहान गावाने वेळापत्रकाचा विषय पुन्हा काढला. बाईंनी पुस्तिकेतले ते पान वाचून दाखवले आणि नाताळपर्यंत त्यात बदल होणार नाही, असे सांगितले. नाताळानंतर काय, याची चर्चा अजून चालू आहे.