हरवलेल्या माणसाची शेवटची वेळ

जुनं बेपत्ता प्रकरण हाती घेतलं की आधी संशयित शोधू नका, वेळेचा तक्ता बनवा. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून आली ते लिहा: कॅमेरा, फोन, पावती की कुणाची आठवण. ‘शेवटचं पाहिलं’ आणि ‘शेवटचं खात्रीनं पाहिलं’ या दोन वेगळ्या वेळा असतात. त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा तर्क वाकडा जातो.

सीसीटीव्हीचं घड्याळ बरेचदा पुढे-मागे असतं. त्याच चित्रणात दिसणारा एखादा व्यवहार आणि त्याच्या पावतीवरची वेळ ताडून फरक काढा. सर्व्हरच्या नोंदी अनेकदा यूटीसीत, म्हणजे स्थानिक नव्हे तर जागतिक प्रमाणवेळेत असतात, हेही विसरलं जातं.

सगळ्यात जास्त घोटाळा मोबाईल टॉवरचा. टॉवर म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. साधारणपणे त्याच्या सिग्नलच्या क्षेत्राचे १२० अंशांचे तीन भाग असतात, आणि मोकळ्या जागेत एकेक भाग कित्येक किलोमीटर पसरतो. शिवाय फोन जवळच्याच टॉवरला जोडला जाईल असं नाही. तेव्हा ‘तो त्या इमारतीत होता’ असं यावरून म्हणू नये.

अनोळखी मृतदेहाशी जुळवताना कपड्यांवर विसंबू नका. दात, जुने फ्रॅक्चर, शस्त्रक्रियेच्या खुणा पाहा. सांगाड्यावरून काढलेली उंची अंदाजाचीच असते, काही सेंटिमीटरच्या फरकानं कुणाला वगळू नका.

आणि नाव जाहीर करू नका, कृपा करून. २०१३च्या बोस्टन स्फोटांनंतर हौशी शोधकांनी एका बेपत्ता विद्यार्थ्यालाच संशयित ठरवलं. तो निर्दोष होता, पुढे त्याचा मृतदेह सापडला. जे हाती लागेल ते प्रकरण क्रमांकासह तपास अधिकाऱ्याकडे द्या, घरच्यांच्या दारात नको.