टर्की मेल्या, म्हैस मात्र धडधाकट

दिवाळी आठवड्यावर आली असताना अमळनेर तालुक्यातील एका गावातून सकाळीच फोन आला. हौसेने टर्की पाळणाऱ्या एका तरुण शेतकऱ्याची अकरा पिल्ले दोन दिवसांत मेली होती. मानमोडी (कोंबडीवर्गीय पक्ष्यांचा राणीखेत रोग) असावी, असा त्याचा तर्क होता आणि खरे सांगायचे तर वाटेत माझाही तोच होता.

खळ्याच्या कडेला एक मेलेले पिल्लू उघडले आणि तो तर्क मागे पडला. यकृत फिकट पिवळसर, हाताला ठिसूळ लागणारे, आणि त्यावर रक्तस्रावाचे ठिपके होते. मी खाद्य पाहायला मागितले. परतीच्या पावसात भिजलेला मका नीट न वाळवताच पोत्यांत भरलेला होता; त्यातला विकण्याजोगा बाजूला काढून उरलेला भरडून घरच्या जनावरांना घातला जात होता. पोत्यात हात घातला तर आत ऊब होती आणि दाण्यांवर पिवळट-हिरवी बुरशी. 1960 साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या बुरसटलेल्या पेंडीने लाखभर टर्की मेल्या आणि त्याच शोधातून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष हाती लागले, हे शिकताना मी पाठ केले होते. डोळ्यांनी आज पाहत होतो.

अफ्लाटॉक्सिन बी-1 मूळ रूपात तितकेसे घातक नसते. यकृतातील विकरे ते मोडू पाहतात, त्यातून इपॉक्साइड हे अतिशय क्रियाशील रूप तयार होते आणि ते पेशीतील डीएनएला व प्रथिनांना चिकटते. घरउंदराच्या यकृतात या इपॉक्साइडला ग्लुटाथायोन हा पेशीतलाच संरक्षक रेणू जोडून ते निकामी करणारे विकर जोरकस असते. पाळीव टर्कीच्या यकृतात ते काम जवळजवळ होतच नाही.

तेवढ्यात त्या तरुणाचे वडील, आप्पा, चहा घेऊन आले. तोच भरडा खाणारी म्हैस गोठ्यात निवांत रवंथ करत होती. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, म्हैसले काहीच व्हयनं नही. तिले पची गयं.’’

आप्पांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. म्हशीच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजीव बुरशीची काही विषे खरोखरच मोडतात: ऑक्राटॉक्सिनमधला फेनिलअलॅनिन या अमिनो आम्लाचा जोड तोडून त्याचा जवळजवळ निरुपद्रवी तुकडा करतात, डीऑक्सीनिव्हॅलेनॉलचे इपॉक्साइड काढून टाकतात. झिअरॅलेनोनला मात्र ते अधिक तीव्र रूपही देतात, म्हणजे ही मदत प्रत्येक वेळी मदतच असते असे नाही. आणि अफ्लाटॉक्सिनपुढे त्यांचे फारसे चालत नाही. ते यकृतात पोहोचते, त्याचा काही भाग हायड्रॉक्सिल जोडला जाऊन अफ्लाटॉक्सिन एम-1 बनतो आणि खाल्ल्यापासून दिवसभराच्या आत दुधात उतरू लागतो. दुधातील त्याची कायदेशीर मर्यादा एका किलोला 0.5 मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे आणि उकळल्याने तो जात नाही. म्हशीला पचले म्हणजे काय, तर विषाचा वाटा पुढे दुधात सरकला. हे मी आप्पांना समजावले तेव्हा माझा चहा पिऊन झालेला होता.

मका त्याच क्षणी बंद करवला आणि नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले. निकाल अफ्लाटॉक्सिनचाच आला. दूध निवळायला साधारण तीन-चार दिवस लागतात, म्हणून तोवर ते डेअरीवर घालू नका आणि घरातही वापरू नका, असे सांगितले होते. आप्पांनी हिशेब केला, कपाळाला हात लावला, मग विचारले, ‘‘मंग पारडूचं काय?’’ त्यालाही ते दूध नको, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी फोन केला, तेव्हा पारडू शेजाऱ्यांच्या म्हशीचे दूध बाटलीने पीत होते आणि नातू तक्रार करत होता.