अहमदाबादच्या मोटेरा स्टेडियमला क्रिकेट सामना बघायला जाताय? परतीच्या मेट्रोचं तिकीट आधी काढा

"स्टेडियमच्या दारातच मेट्रो आहे. सामना संपला की दहा मिनिटांत गाडीत बसाल," असं आम्हाला सांगली जिल्ह्यातल्या पलूसमधल्या एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं. तो दुपारी रिकाम्या स्टेडियमबाहेर फोटो काढून परत आलेला. रात्रीच्या सामन्याला तो कधी गेलाच नव्हता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. शेवटचा चेंडू सव्वाअकराला पडला आणि आम्ही मेट्रोच्या डब्यात शिरलो तेव्हा पाऊण वाजायला आला होता. हे सगळं त्या दीड तासासाठीच लिहितोय.

आम्ही पाच जण होतो, मे महिन्यात आयपीएलच्या सामन्याला गेलो होतो. बरोबर बासष्ट वर्षांचे चुलते होते. तरुणपणी कुस्ती खेळलेले, अजून रोज चार-पाच किलोमीटर चालणारे. कोल्हापूर-अहमदाबाद एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच असते, ती सामन्याच्या तारखेला जुळेल असं नाही. मिरजेहून बंगळूरकडून राजस्थानात जाणाऱ्या गाड्या बघा. अठरा-वीस तास धरा. प्रवास निवांत झाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आधी आकारमान समजून घ्या, म्हणजे गर्दीचा अंदाज येईल. १९८२-८३ मध्ये बांधलेलं मोटेराचं जुनं मैदान पाडून तिथे हे नवं नरेंद्र मोदी स्टेडियम उभं केलं, २०२० मध्ये त्याचं उद्‌घाटन झालं. आसनं १,३२,०००. मेलबर्नचं मैदान १,००,०२४ चं. मोटेराला २०२२ च्या आयपीएल अंतिम सामन्याला १,०१,५६६ लोक होते आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आमच्या सामन्याला वरचे कितीतरी पट्टे रिकामे होते, तरी बाहेर पडताना ही अवस्था.

तपासणीच्या फाटकावर बॅग, पाण्याची बाटली, पॉवरबँक, खाणं यातलं काहीही आत सोडत नाहीत. सांगलीहून खास नेलेली भडंगाची दोन पाकिटं माझ्या पुतण्याच्या हातातून घेऊन समोरच्या पिंपात टाकली. बॅग ठेवायला बाहेर एका टपरीवाल्याने नगाला दोनशे रुपये घेतले. ही उघड लूट आहे. सामान लॉजवरच ठेवा. खिशात फोन, तिकीट, पैसे आणि चुलत्यांसारखं कुणी बरोबर असेल तर औषधाच्या गोळ्या, बस्स. तिकीट छापीलच लागलं, फोनवरचं चाललं नाही. ते खिडकीवरून घ्यायला सकाळीच जा. दुपारी त्या रांगेत उन्हाने माणूस करपतो.

आत पाऊल टाकलं तो क्षण मात्र आयुष्यभर लक्षात राहील. बोळातून पुढे गेलो आणि एकदम हिरवं मैदान खाली उघडलं. कुठे खांब नाही, कुठे आडोसा नाही. दिव्यांचे मनोरेही नाहीत, छताच्या कडेने गोल दिव्यांची माळ आहे, त्यामुळे खेळाडूंच्या पायाशी एरवी दिसतात तशा चार गडद सावल्या पडत नाहीत. चुलते कठड्याला दोन्ही हातांनी धरून किती तरी वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "कुंडलच्या कुस्त्यांना उतारावर पार मागं बसलं तरी पट कुणी काढला ते कळतं. इथनं काय कळंल का रं?"

त्यांचं खरं होतं. वरच्या मजल्यावर बाजूला बसलात तर चेंडू दिसतो, पण तो वळला की सरळ आला ते दिसत नाही. आमची तिकिटं तिथलीच होती. कुठूनही सारखंच दिसतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वरचंच घ्यायचं असेल तर गोलंदाजाच्या पाठीमागची बाजू घ्या. खालच्या मजल्याचं परवडत असेल तर डोळे झाकून तेच घ्या. आणि पूर्वेच्या बाजूला बसणाऱ्यांनी टोपी न्या, मावळेपर्यंत ऊन थेट तोंडावर असतं.

आता तो रस्ता. फाटकाबाहेर आलो की चारी बाजूंनी लोक एकाच दिशेला लोटतात. स्टेशन समोर दिसत असतं, पण वाटेत कठडे लावून माणसं टप्प्याटप्प्याने सोडतात. वीस मिनिटं उभं, दहा पावलं पुढं, परत उभं. पाणी नाही, बसायला जागा नाही. चुलत्यांचा एक बूट तिथेच गेला, वाकून शोधायची सोय नव्हती. पुतण्याने त्यांना कमरेला धरून बाजूच्या भिंतीकडे काढलं. स्टेशनच्या दारात परतीच्या तिकिटासाठी आणखी एक रांग होती. सामन्याच्या रात्री परतीचं वेगळं कागदी तिकीट असतं, आमच्या वेळी ५० रुपये. ते येतानाच काढता येतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

कंटाळून आधी रिक्षा बघितली होती. काळूपूरला, म्हणजे अहमदाबादच्या मुख्य रेल्वे स्टेशनकडे जायला, आठशे रुपये मागितले, पाच जणांना दोन रिक्षा म्हणजे सोळाशे. देऊ नका. शेवटच्या दोन षटकांआधी उठा, नाहीतर सामना संपल्यावर जागेवरच अर्धा तास बसून राहा. मधल्या वेळेत निघणं सगळ्यात वाईट. लहान मूल किंवा गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर रात्रीच्या सामन्याला नेऊच नका, मी पुन्हा नेणार नाही.

दुसऱ्या दिवशी साबरमती आश्रम बघितला, छान आहे. लॉज मोटेराजवळ न घेता काळूपूर स्टेशनजवळ घ्या. जुन्या हायकोर्टच्या स्टेशनवर मेट्रो बदलून तिथे पोचता येतं. परतीच्या रेल्वेचं आरक्षण दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं ठेवा. आमचं सकाळचं होतं. चुलते एका पायात बूट आणि एका पायात लॉजवरची चप्पल घालून फलाटावर आले होते.