पस्तीस फुटांचा मोजा

चैत्रातली दुपार. दोरीवर वाळत घातलेला एक मोजा, एकाच चिमट्याला लटकलेला, वाऱ्यात स्वतःभोवती पीळ घेतो, जरा थांबतो, उलटा पीळ सोडतो. जोडीतला दुसरा कुठे गेला हा सनातन प्रश्न, तो सोडू. पण ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ ज्यानं पाहिलाय, त्याला या मोज्यात कॅन्ससची वावटळ, डोरोथी नावाच्या मुलीला घरासकट उचलून ऑझच्या जादुई देशात नेणारी, दिसल्याशिवाय राहत नाही. कारण १९३९च्या त्या सिनेमातली वावटळ हा खरोखरच एक मोजा होता. पस्तीस फुटांचा.

वावटळ म्हणावं का, हाही प्रश्नच. आपली वावटळ म्हणजे धूळ, वाळकी पानं, कागदाचे कपटे आणि आत भूत असल्याची जुनी समजूत. घर उचलून नेण्याइतकी तिची ऐपत नसते. चक्रीवादळ म्हणावं तर ते समुद्रावरून येतं, आणि कॅन्सस अमेरिकेच्या पोटात, समुद्रापासून दूर. गंमत अशी की फ्रँक बॉमनं १९००च्या मूळ पुस्तकात पहिल्या प्रकरणाला ‘सायक्लोन’ असंच नाव दिलं आहे; तिकडे तेव्हा तसंच म्हणत. म्हणजे ‘चक्रीवादळ’ लिहिणारा भाषांतरकार पुस्तकाला धरून बरोबर आणि हवामानाला धरून चूक. आपण वावटळच म्हणू. मोज्याला तोच शब्द शोभतो.

स्पेशल इफेक्ट्सचे प्रमुख अर्नोल्ड गिलेस्पी यांनी आधी रबराचा सुळका करून पाहिला. तो पिळलाच जाईना. ताठ उभा, नरसाळ्यासारखा. मग त्यांना विमानतळावरची ती कापडी पिशवी आठवली, वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर लावतात ती. मलमल शिवून तसाच निमुळता लांब मोजा केला. पिळताना तो फाटायला लागला, तेव्हा आतून बारीक तार ओवून घेतली. वरचं टोक छताजवळून सरकणाऱ्या पोलादी गाड्याला टांगलं, खालचं टोक जमिनीतल्या फटीतून रुळावरच्या एका छोट्या गाडीला जोडलं. वरचा गाडा एका चालीनं, खालची गाडी दुसऱ्या चालीनं आणि नागमोडी. दोन्ही टोकांचं जमेनासं झालं की मधला भाग आपोआप सापासारखा वळवळतो. त्या वळवळीतच सगळी भीती आहे. सरळ खांब पुढे सरकला असता तर कुणी दचकलंही नसतं.

पण कापड ते कापडच, त्याची कड दिसते. त्यावर उपाय मुलतानी मातीचा. मोज्यात मुलतानी मातीची पूड भरली, बुडाशी तीच दाबाच्या हवेनं उडवली. मलमलीची वीण विरळ, त्यामुळे फिरताना पूड जरा जरा झिरपत राहायची आणि कड धूसर व्हायची. चेहऱ्याला लावायची माती आकाशाला लावली! गाडा दिसू नये म्हणून कॅमेऱ्यापुढे काचा, आणि काचांवर करड्या रंगाचे कापसाचे ढग. या साऱ्याचं चित्रीकरण मग मागच्या पडद्यावर पाडायचं, आणि त्याच्यापुढे पंख्यांच्या वाऱ्यात डोरोथी झालेली ज्यूडी गार्लंड दार ठोठावते.

घर कोसळतं ती युक्ती तर फारच घरगुती. जमिनीवर आकाश रंगवलं, कॅमेरा वर ठेवला, आणि खेळण्याएवढं घर वरून त्या आकाशावर टाकलं. फिल्म उलटी चालवली, की घर आकाशातून आपल्या अंगावर येतं.

नंतरचं ते प्रसिद्ध दार. करड्या-तपकिरी घरातून डोरोथी दार उघडते आणि बाहेर रंग. ही जोडणी काटछाटीची नाही. कॅमेरा रंगीतच आहे. खोली तपकिरी रंगवली आहे. दार उघडणारी पाठमोरी मुलगी ज्यूडी नव्हे, तिची बदली कलाकार, तपकिरी पोशाखातली. ती बाजूला होते आणि निळ्या चौकडीच्या फ्रॉकमध्ये खरी ज्यूडी पुढे येते. अर्थात पाहणारा तेव्हा दाराबाहेर बघत असतो. मुलीकडे बघतो कोण?

आता पुस्तक आणि सिनेमा यांचं एक जुनं भांडण. पुस्तकातले डोरोथीचे रुपेरी बूट सिनेमानं लाल केले, कारण रंगीत फिल्मवर लाल उठून दिसतो, हे मान्य. शेवटी सगळं स्वप्न होतं ही पदरची भर. ती कधीच पटली नाही. पण खरी चुटपूट चष्म्यांची. पुस्तकातलं पाचूनगर, म्हणजे ऑझची राजधानी, मुळात तेवढं हिरवं नाहीच. वेशीवरचा रखवालदार आलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरव्या काचांचा चष्मा चढवतो आणि मागून कुलूप लावतो. रंग विकायला निघालेल्या सिनेमाला हा विनोद परवडणार कसा? चष्मे गेले.

खरं तर ते कॅमेऱ्यात गेले. टेक्निकलरच्या, म्हणजे या सिनेमाला रंग देणाऱ्या तेव्हाच्या पद्धतीच्या, कॅमेऱ्यात रंगीत फिल्म नसायचीच. भिंगामागचा प्रिझम प्रकाश फोडायचा आणि तीन फिल्मांवर लाल, हिरव्या, निळ्या उजेडाची वेगवेगळी नोंद व्हायची, तिन्ही काळ्या-पांढऱ्या. रंग नंतर चढायचा, छापील साडीसारखा: पिवळा, किरमिजी, आकाशी असे तीन ठसे एकाच पट्टीवर एकावर एक. एक ठसा केसभर सरकला की आकृतीला रंगीत झालर. उजेड असा तिघांत वाटायचा म्हटल्यावर दिवे भारंभार हवेत, आणि सेटवरचा पारा ३८ अंशांच्या वर. नागपूरकर हसतील, पण त्यांना सिनेमातल्या सिंहाचं काम करणाऱ्या नटासारखं त्या उन्हात अस्सल सिंहाचं कातडं पांघरून नाचावं लागत नाही.

पाचूनगरातला रंग बदलणारा घोडा जेलीच्या पुडीनं रंगवला होता आणि घोडे ती चाटून टाकत, हे सगळ्यांना आवडतं. टिनच्या माणसाचं तितकंसं सांगत नाहीत. आधी ती भूमिका बडी एब्सनकडे होती. चेहऱ्यावर ॲल्युमिनियमची भुकटी मारली, ती श्वासातून आत गेली आणि त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. त्याच्या जागी जॅक हेली आला, तेव्हा भुकटीचा लेप करण्यात आला.

आणि चेटकीण. मार्गारेट हॅमिल्टन, पूर्वाश्रमीची बालवाडीची शिक्षिका. तिच्या तोंडाहाताला लावलेला हिरवा रंग तांब्याचा होता. २३ डिसेंबर १९३८ला धुरात अदृश्य होण्याच्या दृश्यात जमिनीतला पाळणा तिला खाली नेण्याआधीच आगीचा लोळ उठला. चेहरा भाजला, उजवा हात भाजला. तांबं जखमेत ठेवून चालत नाही, म्हणून तो रंग भाजलेल्या कातडीवरून अल्कोहोलनं पुसून काढला. सुमारे सहा आठवड्यांनी ती परत आली, यापुढे आगीजवळ जाणार नाही असं सांगूनच. हाताला रंग सोसत नव्हता. तेव्हा त्यांनी तिला हिरवे हातमोजे घातले.