आमची वाटचाल : टूर आखता आखता

२०११ ला आम्ही नवराबायकोनी टूर्सचं काम सुरू केलं तेव्हा फक्त तिकिटं आणि हॉटेलं बुक करून द्यायचो, आणि पब्लिक पण एकच विचारायचं, किती स्पॉट दाखवणार? मग आमचा प्लॅन पण तसाच, सकाळी सहाला निघा, सात ठिकाणं बघा, रात्री दहाला रूमवर. लोकं खूश असायची, पण परत आल्यावर तिथल्या एकाही माणसाबद्दल कोणी बोलायचं नाही, हे मला कायम खटकायचं.

पहिल्यांदा डोळे उघडले ते लडाखमध्ये. तिथे मणी भिंती असतात, ओम मणि पद्मे हूं कोरलेल्या दगडांच्या, आमच्या ग्रुपमधले दोघंतिघं त्यावर चढून बसले आणि फोटो मीच काढला. ड्रायव्हर तेव्हा काही बोलला नाही. संध्याकाळी गाडी लावताना हळूच म्हणाला, दीदी, ती आमची प्रार्थना आहे, तिला उजव्या हाताला ठेवून आम्ही चालतो. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या रात्री झोप नाही लागली मला. तेव्हापासून निघायच्या आठ दिवस आधी आम्ही मीटिंग घेतो, बॅगेत काय भरायचं ते दहा मिनिटं, आणि जिथे जातोय तिथली माणसं कशी राहतात त्यावर तासभर.

मग मेघालय. नोंग्रियाटला रबराच्या झाडाच्या जिवंत मुळांचा दुमजली पूल आहे, तीन हजारांवर पायऱ्या उतरून जावं लागतं, पण मला त्या पुलापेक्षा आमचा होमस्टेचा फॉर्म जास्त आठवतो. मालक म्हणून मी सवयीने घरातल्या पुरुषाचं नाव लिहिलं, तर तो म्हणाला घर माझं नाही, बायकोचं आहे, ती बहिणींमध्ये सगळ्यात धाकटी. खासी लोकांत घर धाकट्या मुलीकडे जातं आणि मुलं आईच्या कुळाचं नाव लावतात, हे मी वाचलेलं होतं, तरी पेन हातात आल्यावर हात सवयीनेच चालला. ग्रुपमधल्या बायका म्हणाल्या वा, म्हणजे इथे बायकांचं राज्य! तर त्या ताईंनी नीट बसून समजावलं की घराबरोबर म्हाताऱ्या आईवडलांना सांभाळायची जबाबदारी पण धाकटीवरच येते आणि मोठ्या निर्णयात मामाचा शब्द चालतो. दोन तास गप्पा चालल्या, त्या दिवशीचे दोन स्पॉट राहिले आणि एकानेही तक्रार केली नाही.

२३ मार्च २०२० ला परदेशची विमानं बंद झाली, नियमित सेवा परत सुरू झाली ती २७ मार्च २०२२ ला. त्या दोन वर्षांबद्दल एवढंच सांगते की जुने गेस्ट पैसे परत नको, नंतर फिरू म्हणाले म्हणून आम्ही आज आहोत.

त्यानंतरचा पहिला मोठा ग्रुप बालीचा, मार्च २०२३. मध्ये २२ तारखेला न्येपी येत होता, बरेच जण म्हणाले तारीख बदला, एक दिवस फुकट जाईल. आम्ही मुद्दाम नाही बदलली. न्येपी म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस, सकाळी सहापासून २४ तास सगळं बंद, एअरपोर्टसुद्धा, मोबाईल इंटरनेट बंद, रात्री दिवे नाहीत, टुरिस्टने पण हॉटेलबाहेर पडायचं नाही. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह म्हणून राक्षसांच्या प्रचंड मूर्तींची मिरवणूक काढतात, केवढा तो गोंगाट, आणि सकाळी उठलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला सगळ्यात भारी काय वाटलं तर त्यांचंही साल शके १९४५, आणि आपल्या पंचांगात पण त्याच दिवशी शके १९४५ सुरू झालं! एक काका दुपारपर्यंत चिडलेले होते. रात्री मिट्ट काळोखात वर चांदण्यांनी भरलेलं आभाळ, काका खुर्ची टाकून बसले ते उठेचनात. दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी असताना म्हणाले, आज गाडी राहू दे, गावातून चालत जाऊ.

अजूनही आम्ही चारच जण आहोत ऑफिसात. ग्रुपमध्ये १४ च्या वर माणसं घेत नाही, कारण त्यापेक्षा जास्त झाली की लोकं आपसातच बोलत बसतात, तिथल्या माणसांशी बोलतच नाहीत. आणि होमस्टेच्या फॉर्मवर आता मालकाचं नाव आम्ही भरत नाही, कागद पुढे करतो, घरातलं कोण पेन घेतं ते बघतो.